‘हा नवा कोर्स आहे का?’ : ऑक्युपेशनल थेरपीच्या विभागांची जुनी गोष्ट

गडहिंग्लजच्या एका मुलीने विचारलंय. नीटच्या गुणांवर तिला मुंबईत बीओटीएचला, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या पदवीला, प्रवेश मिळतोय. आजाराने किंवा अपघाताने अडलेल्या माणसाला त्याची रोजची कामं परत करता यावीत, म्हणून कामातूनच दिलेला उपचार म्हणजे ऑक्युपेशनल थेरपी. घरचे म्हणतात, हा कालपरवा निघालेला कोर्स, फिजिओथेरपी मिळाली नाही की मुलं याला जातात, आणि शिकून कोल्हापुरात येऊन करणार काय? तिला जाणून घ्यायचंय की हे विभाग कधी आणि कशासाठी सुरू झाले, विद्यापीठात कसे आले, आणि त्यात आपल्याकडच्या माणसाला काय आहे.

मी हाच कोर्स मुंबईत परळला शिकले, मग कोल्हापुरात आले आणि इथेच काम करत राहिले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घरच्यांना आधी साल सांग. भारतातली ऑक्युपेशनल थेरपीची पहिली शाळा परळच्या केईएम रुग्णालयात १९५० मध्ये सुरू झाली. महाराष्ट्र राज्य १९६० चं, आपलं शिवाजी विद्यापीठ १९६२ चं. केईएममधली फिजिओथेरपीची शाळासुद्धा ऑक्युपेशनल थेरपीनंतर दोन-तीन वर्षांनी निघाली. तेव्हा ‘तिकडे मिळालं नाही म्हणून इकडे’ हे आजच्या प्रवेशाच्या रांगेपुरतं खरं असेल, इतिहासात तसं काही नाही.

ही शाळा उभी केली कमलाताई निंबकरांनी. जन्माने त्या अमेरिकन, क्वेकर घरातल्या, माहेरच्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून १९३० च्या सुमारास भारतात आल्या आणि इथल्याच झाल्या. पुढे वयाची चाळिशी उलटल्यावर अमेरिकेला परत जाऊन त्या फिलाडेल्फियाच्या शाळेत ऑक्युपेशनल थेरपी शिकल्या. त्या वयात विद्यार्थिनी होणं, परत येऊन महापालिकेच्या रुग्णालयात नवं खातं मागणं आणि ते मिळवणं, हे आजही सोपं नाही. आपल्या भागाशी त्यांचं नातं आहे. फलटणला शेती संशोधनाची संस्था काढणारे बनबिहारी निंबकर हे त्यांचे चिरंजीव, आणि फलटणमधली ‘कमला निंबकर बालभवन’ ही शाळा त्यांच्याच नावाची. आपल्याकडचे कितीतरी शिक्षक ती शाळा बघायला जातात. हे नाव ज्यांचं आहे त्यांनी देशातला एक अख्खा व्यवसाय उभा केला, हे त्यांतल्या बहुतेकांना माहीत नसतं.

पण कमलाताई जे शिकून आल्या ते कुठून आलं? त्यासाठी थोडं मागं जावं लागेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत थकलेल्या, खचलेल्या रुग्णाला डॉक्टर सक्तीची विश्रांती देत. महिनोन्‌महिने अंथरुणावर, वाचन नाही, भेटीगाठी नाहीत. मॅसॅच्युसेट्समधल्या मार्बलहेड गावी हर्बर्ट हॉल नावाच्या डॉक्टरांनी याच्या उलट केलं. त्यांनी रुग्णांना हातमागावर आणि कुंभाराच्या चाकावर बसवलं. रोज थोडं काम, जमेल तसं वाढवत न्यायचं. तिथली मातीची भांडी पुढे इतकी नावाजली की तो स्वतंत्र धंदाच झाला. दुसरा माणूस जॉर्ज बार्टन. हा वास्तुविशारद. त्याला क्षयरोग झाला, पायाचा काही भाग कापावा लागला, वर शरीराची एक बाजू लुळी पडली. बागेत आणि सुतारकामाच्या बाकावर त्याने स्वतःला परत उभं केलं. १९१७ च्या मार्चमध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्स या गावी त्याच्याच घरी सहा जण जमले आणि या व्यवसायाची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. त्या सहांमध्ये एलेनॉर क्लार्क स्लॅगल होत्या. मनोरुग्णांचा दिवस लावून देणं, म्हणजे उठणं, आवरणं, काम, खेळ, विश्रांती यांची घडी परत बसवून देणं, हे त्यांचं मोठं काम.

त्याच वर्षी अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, आणि हात-पाय गमावलेले, मनाने हादरलेले सैनिक परत येणार हे दिसू लागलं. त्यांच्यासाठी माणसं तयार करायला १९१८ मध्ये बॉस्टन आणि फिलाडेल्फियाला शाळा निघाल्या. या शाळा विद्यापीठाच्या नव्हत्या. तिथे तरुण मुली विणकाम, लाकूडकाम, वेताचं काम शिकत, थोडं शरीरशास्त्र शिकत आणि थेट लष्करी रुग्णालयांत जात. बॉस्टनची शाळा १९४५ मध्ये टफ्ट्स विद्यापीठाला जोडली गेली आणि १९६० मध्ये तिथला रीतसर विभाग झाली. इंग्लंडमध्ये डॉक्टर एलिझाबेथ कॅसन यांनी १९३० मध्ये ब्रिस्टलला डॉर्सेट हाऊस ही शाळा काढली. तीही कितीतरी वर्षांनी ऑक्सफर्डमधल्या एका विद्यापीठाचा भाग झाली. जगात जवळपास सगळीकडे क्रम हाच आहे: आधी रुग्ण, मग कामाची खोली, मग शाळा, आणि अगदी शेवटी विद्यापीठ.

परळलाही तेच घडलं. केईएम गिरणगावात आहे. गिरणीच्या साच्यात, म्हणजे मागात, बोटं गेलेले, खांदा निखळलेले कामगार दारातच होते, आणि त्यांत कोल्हापूर-साताऱ्याकडचे, कोकणातले कितीतरी. पोलिओही सर्रास होता. फातिमा इस्माईल यांनी स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर १९४७ मध्ये मुंबईत अपंग मुलांच्या पुनर्वसनाची संस्था काढली होती. म्हणजे हवा तयार होती. १९५२ मध्ये या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना झाली, आणि त्याच वर्षी त्याचा जागतिक महासंघ स्थापन झाला तेव्हा दहा संस्थापक देशांत भारत होता. देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं, शाळा निघून दोन वर्षं, आणि आपण अमेरिका-इंग्लंडच्या शेजारी बसलो होतो. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. पन्नासच्या दशकातच नागपूरला शाळा निघाली, हाजी अलीला केंद्र सरकारची पुनर्वसन संस्था १९५५ मध्ये आली. नायर आणि शीव इथल्या महापालिकेच्या रुग्णालयांतही पुढे हे शिक्षण सुरू झालं.

आता त्या जुन्या विभागांच्या आत काय होतं ते सांगते, कारण आजच्या मुलांना ते बघायला मिळत नाही. हातमाग असायचे. सुताराचं बाक असायचं. सायकलसारखी पायाने चालवायची करवत असायची. बाहेरच्या माणसाला वाटायचं, रुग्णांचा वेळ जावा म्हणून उद्योग दिलाय. तसं नव्हतं. ज्याचा गुडघा वाकत नाही त्याला त्या करवतीवर बसवायचं. सीट किती वर, किती मागं, यावर गुडघा किती अंश वाकणार हे ठरायचं, आणि आठवड्याला ती हळूहळू खाली आणायची. खांद्यासाठी उतरत्या फळीवर पॉलिश पेपर लावलेला ठोकळा दोन्ही हातांनी वर सरकवायचा. फळीचा उतार वाढवला की खांद्याला तेवढंच जास्त काम. माणूस लाकूड घासण्यात गुंतलेला असायचा, आणि नुसत्या व्यायामात ज्या हालचालीला तो ओरडला असता ती हालचाल करून जायचा. कुठलंही काम उकलून त्यात कुठला सांधा किती हलतो, किती जोर लागतो, नजर, तोल, लक्ष, आठवण यांपैकी काय लागतं, हे लिहून काढणं ही या शिक्षणाची मुळाक्षरं आहेत. ही ज्याला येत नाहीत त्याने पुढच्या पदव्या घेऊन उपयोग नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवातीला मिळायची ती पदविका. मग पदवी आली, पदव्युत्तर शिक्षण आलं. मुंबईची महाविद्यालयं मुंबई विद्यापीठाखाली होती, नागपूरचं नागपूर विद्यापीठाखाली. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं आणि ही सगळी एका छत्राखाली आली. विद्यापीठात आल्याने मोठा फायदा झाला. शरीररचनाशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र हे विषय वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्राध्यापकांकडून शिकायला मिळाले. वॉर्डात राऊंडला आपलं मत विचारलं जाऊ लागलं. परदेशात पदवी मान्य होऊ लागली. जागतिक महासंघाची अट आहे की विद्यार्थ्याने किमान १००० तास प्रत्यक्ष रुग्णांबरोबर काम केलेलं असावं. मोठ्या सरकारी रुग्णालयाला जोडलेल्या विभागात हे तास खरोखर भरतात. कागदावर भरलेले तास आणि वॉर्डात भरलेले तास यांतला फरक पुढे पहिला रुग्ण समोर आला की कळतो.

पण याच प्रवासात काहीतरी हातचं गेलंही. विभागांना वैद्यकशास्त्राच्या बरोबरीने दिसायचं होतं, तेव्हा सुतारकाम आणि माग लाजिरवाणे वाटू लागले. जागा कमी पडली की पहिला नंबर मागाचा लागायचा. त्या जागी आली यंत्रं, प्लास्टिकच्या खुंट्या, रंगीत शंकू. हे फक्त आपल्याकडे झालं नाही. अमेरिकेतही पन्नासच्या दशकात हा व्यवसाय सांधे आणि स्नायू मोजण्यात पार गुंतला होता. कॅलिफोर्नियात हा विषय शिकवणाऱ्या मेरी रायली यांनी १९६१ मधल्या आपल्या गाजलेल्या व्याख्यानात सगळ्यांना खडसावलं, की माणूस हाताने, मनाने आणि इच्छेने काहीतरी करतो तेव्हा त्याच्या आरोग्यात बदल होतो ही आपली मूळ कल्पना आहे, ती सोडू नका. त्यांच्याकडे शिकलेल्या गॅरी किलहॉफनर यांनी १९८० मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक मांडणी केली. माणसाला काय करावंसं वाटतं, त्याच्या सवयी काय, अंगात क्षमता किती आणि भोवतालचं वातावरण कसं, या चार बाजूंनी रुग्णाकडे बघायचं. ती तुला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला अभ्यासक्रमात भेटेल. रायली जिथे शिकवत त्याच दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या परिसरात जीन एअर्स यांनी मुलांच्या संवेदना-एकीकरणाचं, म्हणजे स्पर्श, तोल, आवाज अशा संवेदना मेंदू कशा जुळवून वापरतो याचं, काम केलं. आज आपल्याकडे स्वमग्न मुलांचे पालक ज्या थेरपीसाठी धावतात तिचं मूळ तिथे आहे. विद्यापीठातल्या विभागाचं खरं काम हेच, की रोजच्या धबडग्यात व्यवसाय वाट चुकला तर त्याला थांबवून विचार करायला लावणं.

आता कोल्हापूर. घरचे विचारतात, इथे काय करणार? मी उलट विचारते, हे शिक्षण जिथे कामाला येईल असं इथल्यासारखं दुसरं गाव कुठलं?

एक उदाहरण जरा जवळून दाखवते. गुऱ्हाळाच्या हंगामात चरकात हात गेलेला माणूस दरवर्षी कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात येतो. समज, उजव्या हाताची दोन बोटं गेली, तिसरं ताठलंय. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, डॉक्टरांचं काम संपलं. आमचं तिथे सुरू होतं. आधी सूज आणि जखमेचा व्रण: पट्टी, तेल लावून मालिश, रात्री घालायचा स्प्लिंट, म्हणजे हात ठरावीक स्थितीत धरून ठेवणारा आधार. मग बोट हलवणं. पण खरा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारते, गुऱ्हाळावर तुम्ही नेमकं काय करत होता? चरकात ऊस घालणारा वेगळा, चुलवाणात चिपाडं सारणारा जळव्या वेगळा, काहिलीवर उभा राहून रस कधी उतरवायचा ते ठरवणारा गुळव्या वेगळा. जळव्याला दोन्ही हातांत लांब दांडा घट्ट धरता यायला हवा आणि धगीसमोर कातडी टिकायला हवी. नव्या व्रणाला धग सोसत नाही, म्हणून त्याला मी पहिल्या हंगामात चुलवाणापाशी पाठवणार नाही. गुळव्याचं बळ नजरेत आणि अनुभवात आहे. त्याच्या हाताने पाक चिमटीत घेऊन गोळी होते का बघता आलं, तर तो लवकर कामावर जाईल. ती चिमूट डाव्या हाताने शिकवता येते. दोघांची दुखापत एकच, एक्स-रे एकसारखे, पण दोघांचा उपचार वेगळा. हे ठरवायला ज्याला गुऱ्हाळ माहीत आहे असा थेरपिस्ट लागतो. तू तिकडची मुलगी आहेस, गुऱ्हाळ तुला शिकवावं लागणार नाही. मुंबईच्या वर्गात तुझ्या शेजारी बसलेल्या मुलीला ते कधीच माहीत असणार नाही.

असंच हुपरीच्या चांदी कारागिराचं, ज्याला चिमट्यात घुंगराची कडी धरता आली नाही तर घर चालत नाही. असंच कोल्हापुरी चपलेची वेणी घालणाऱ्या बाईचं, इचलकरंजीच्या यंत्रमागावरच्या कामगाराचं, शिरोलीच्या फाउंड्रीत भाजलेल्या पोराचं. आणि सगळ्यात जास्त, अर्धांगवायू झालेल्या आमच्या मावश्या-आज्या. त्या पहिल्या भेटीत हात वर जात नाही म्हणून रडत नाहीत, भाकरी थापता येत नाही म्हणून रडतात. परातीखाली ओलं फडकं घातलं की परात सरकत नाही. लुळा हात परातीच्या कडेला ठेवून तिला आधार द्यायचा, चांगल्या हाताने थापायचं. पहिली भाकरी फाटते. तीन-चार आठवड्यांनी लुळ्या हाताची बोटं कड आपसूक धरायला लागतात. मेंदूला ते काम ओळखीचं असतं. खाली बसून जेवणं, भारतीय पद्धतीचा संडास, म्हशीच्या धारेला उकिडवं बसणं, हे सगळं परदेशी पुस्तकांत मिळत नाही. इथल्या विभागात ते लिहिलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

या भागाला पुनर्वसनाची परंपरा आहे, हेही घरच्यांना सांग. मिरजेला वानलेस रुग्णालय एकोणिसाव्या शतकात सुरू झालं, तिथलं रिचर्डसन कुष्ठरुग्णालय आहे, कोल्हापुरात शेंडा पार्कचं कुष्ठधाम होतं. कुष्ठरोगाने आखडलेली बोटं स्नायूबंधांची (टेंडनची) जागा बदलून सरळ करता येतात हे डॉक्टर पॉल ब्रँड यांनी १९४८ च्या सुमारास वेल्लोरला दाखवलं, आणि शस्त्रक्रियेनंतर तो हात कामाला लावायला शिकवल्याशिवाय तिचा उपयोग नाही हेही त्यांनी ठासून सांगितलं. भारतातल्या हाताच्या उपचारांचं बरंचसं ज्ञान कुष्ठरुग्णांच्या हातांवर तयार झालंय, आणि आज आपण ते यंत्रात सापडलेल्या हातांना वापरतो. आणि कोल्हापुरात नसीमा हुरजूक आहेत. ऐन तारुण्यात कमरेखालचं शरीर लुळं पडलं, चाकाच्या खुर्चीवरून नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. संस्थेचं उचगावचं वसतिगृह एकदा बघून ये. उतार, दरवाजांची रुंदी, ओट्याची उंची, संडासातला आधाराचा दांडा, हे आमच्या पुस्तकातले धडे तिथे राहत्या घरात दिसतात. परळला जाण्याआधी ते बघितलंस तर पहिलं वर्ष सोपं जाईल.

कामाचं म्हणशील तर पोलिओ गेला, भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, पण काम कमी झालं नाही. मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी) असलेली मुलं, स्वमग्न मुलं, शिकण्यात अडचण असलेली मुलं, अपघातात मेंदूला मार बसलेले तरुण, स्मृतिभ्रंश झालेले म्हातारे वाढलेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आले. २०२१ मध्ये सहवैद्यकीय व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला, त्यात आपला व्यवसाय नावानिशी आहे. विशेष शाळा, बालरोगतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ, हाडांचे डॉक्टर, सगळ्यांना माणूस लागतो. सुरुवातीची दोन-तीन वर्षं पैसा बेताचा असतो. हे लपवून सांगणं बरोबर नाही. फिजिओथेरपीपेक्षा लोकांना समजावून सांगावं जास्त लागतं, आणि छोट्या गावात ते तुलाच करावं लागेल.

प्रवेश घेण्याआधी महाविद्यालय निवडायची संधी असेल तर इमारत आणि माहितीपत्रक बघू नकोस. विभागात जा, आणि रोजच्या जगण्याच्या कामांसाठी वेगळी खोली आहे का बघ: शेगडी, परात, खाट, भारतीय संडास. ती खोली वापरात आहे की तिला कुलूप आहे, हे दारावरच्या धुळीवरून कळतं. वॉर्डात किती तास असतात ते शेवटच्या वर्षाच्या मुलांना विचार, शिक्षकांना नको. मनोरुग्णांच्या वॉर्डात पाठवतात का, तेही विचार. बऱ्याच ठिकाणी हा भाग उरकून टाकतात, आणि या व्यवसायाची सुरुवात तर तिथूनच झालेली आहे. स्प्लिंट विद्यार्थी स्वतः बनवतात की तयार आणतात, हा शेवटचा प्रश्न.

पदवी आणि आंतरवासिता (इंटर्नशिप) झाली की लगेच या व्यवसायाच्या राज्य परिषदेकडे नोंदणी कर, त्याशिवाय स्वतःचा दवाखाना टाकता येणार नाही. आणि परत यायचं ठरवलंस तर कोल्हापूर शहरातच बसायला हवं असं नाही. गडहिंग्लज, चंदगड, आजरा या भागातला अर्धांगवायूचा रुग्ण आज आठवड्यातून दोनदा एसटीने कोल्हापूरला येऊ शकत नाही, म्हणून महिन्याभरात उपचार सोडून देतो. त्या बाजूला कुणी बसलं तर पहिल्या दिवसापासून काम आहे.